कानांचा पैरा

शालनला बायडाक्काशी काही बोलायचं असलं की ती माझ्याशी बोलायची. बायडाक्काचंही तसंच. दोघी सख्ख्या जावा. घरामागच्या बोअरच्या पाण्यावरून त्यांचं कधीकाळी बिनसलं आणि तेव्हापासून शालन पाणी लांबून आणायची, एकमेकींशी बोलणं बंद. पण कामाला दोघी एकाच बेदाणा शेडमध्ये, आणि हात दोघींचे असे चलाख की मुकादमाला त्या एकाच ताडपत्रीवर हव्या असायच्या. म्हणून दोघींच्या मधे मला बसवलेलं.

"हौसाक्का, तिला म्हनावं, काड्या माझ्याकडं सारू नगंस."

"बायडा, ती म्हणते, काड्या..."

"ऐकलं मी. तिला म्हनावं, वारं तिकडनं हाय, मी काय करू?"

"शालन, ती म्हणते, वारं..."

"वाऱ्याला म्हनावं, थोरल्या जावंसारखं वागू नगंस."

दोघींमधलं अंतर हातभर. निरोप मात्र माझ्यावरूनच जायचा. मी शेडमधली सगळ्यांत थोरली. माझं निम्मं आयुष्य बेदाणा निवडण्यात गेलं आणि उरलेलं या दोघींचा निरोप पोचवण्यात.

आमची शेड तासगावच्या अलीकडच्या माळावर. जाळीच्या रॅकवर द्राक्षं वाळवायची, बेदाणा खाली उतरला की काड्या काढायच्या, हिरवा, पिवळा, काळा वेगळा करायचा. डोक्याला टोपी, हात साखरेनं चिकट. माल परदेशी जायचा, त्यामुळे तिकडच्या गिऱ्हाइकांच्या नियमानं शेडमध्ये फोनला बंदी. काच नको, कॅमेरा नको. आणि फोन आत आणू दिला असता तरी चिकट बोटांनी तो चालवणार कोण?

अशा वेळी डबी आली.

डबी म्हणजे गळ्यात अडकवायचं गाणं ऐकायचं यंत्र. काडेपेटीएवढं. पडदा नाही, कॅमेरा नाही, फोन लागत नाही. एक जाडजूड काटा, तो फिरवायचा आणि नंबर लावायचा. एक बोंड कानात घालायचं, दुसरा कान मुकादमासाठी मोकळा. गाणी, कथा, कीर्तन, शाळेचे धडे, जे पाहिजे ते थेट टॉवरवरून यायचं. यंत्र बनवणं अवघड नव्हतंच. अडलं होतं ते मोबाइलच्या कंपन्यांपाशी. एवढ्याशा डबीला स्वस्तात नेट द्यायचं कुणी? एकीनं सांगितलं, लोक सिम काढून फोनात घालतील आणि सिनेमे बघतील. दुसरी म्हणाली, फोनचा पॅक घेतलेलं माणूस डबीसाठी वेगळे पैसे का मोजेल? तिसरीनं उत्तरच दिलं नाही. चौथी तयार झाली, पण एका अटीवर, आणि तीसुद्धा फक्त आमच्या माळावरच्या एका टॉवरपुरती.

त्या अटीमागचं शास्त्र पुढे शालननंच मला समजावून दिलं. फोनचं नेट म्हणजे घागरीचं पाणी. शंभर बायकांना एकच गाणं हवं असलं तरी टॉवर प्रत्येकीची घागर वेगळी भरतो. शंभर वेळा तेच गाणं, शंभर वेळा तेच श्रम. डबीचं नेट म्हणजे पाटाचं पाणी. टॉवर एकदाच धार सोडतो आणि ज्याला हवं त्यानं आपल्या वाफ्याचं दार उघडायचं. ऐकणारी एक असो की हजार, टॉवरला श्रम तेवढेच. म्हणून ते जवळजवळ फुकटात देता येतं. पण सगळ्यांना एकच पाणी हवं असेल तरच. प्रत्येकीनं वेगळं मागितलं की पाट बंद आणि पुन्हा घागरी सुरू.

तर अट अशी, की टॉवरखालच्या निम्म्याहून जास्त डब्या एका नंबरावर असल्या तर त्यांचे दिवे हिरवे. बाकीच्यांचे तांबडे. तांबड्या दिव्यावर ऐकलं की महिन्याचा रिचार्ज दोन दिवसांत खलास. सिम आत डागून टाकलेलं, ते काढायची सोय नाही. आणि कानातल्या बोंडाला कानाची ऊब कळायची, म्हणजे खरोखर कोण ऐकतंय ते कंपनीला कळत राहायचं. पाडव्यापर्यंत हे जमलं तर सगळीकडे डब्या मिळणार, नाही तर गोळा करून परत नेणार.

आमच्या टॉवरखाली चार शेड. पहिल्या आठवड्यात जी भांडणं झाली ती विचारू नका. तरण्या पोरी जास्त होत्या, त्यांनी हळदीची गाणी लावली आणि पोरी जिंकल्या. दिवसभर हळद.

"आगं, त्या नवरीला उठवा आता," बायडाक्का शेवटी ओरडली. "आठ दिस झालं पाटावर बसलीया. पिवळी पडून मरंल!"

पण हळदीचा नंबर सोडला की दिवा तांबडा. आणि शालनला नेमका तो सोडायचा होता.

तिचं असं होतं. पुढच्या हंगामात आमच्या शेडमध्ये रंग ओळखून बेदाणा निवडणारं यंत्र येणार होतं. काड्या हातानंच काढायच्या, पण रंगाचं काम त्याचं. मालक जयवंतअण्णा म्हणाले होते, "यंत्रावर एक बाई बसवायचीय. पडद्यावरचं वाचावं लागतं, बिघडलं तर काय झालं ते सांगावं लागतं. दहावी पास पाहिजे, कंपनीचा नियमच आहे. आपल्यातली मिळाली तर बरं, नाहीतर बाहेरची आणावी लागेल."

शालननं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी दिलेली. सगळे विषय सुटले, फक्त विज्ञान अडलेलं. तेही दोनदा. घरी पुस्तक उघडलं की तिचा डोळा लागायचा. शेडमध्ये मात्र हात चालू असले की कान टक्क जागे. डबीवर विज्ञानाच्या धड्यांचा नंबर आहे हे कळलं तेव्हा तिनं त्या डबीला हात जोडले होते. दुसऱ्या दिवशी रिचार्ज संपला.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती भाकरी हातात घेऊन उभी राहिली.

"बायांनो, भांगलनीला आपन काय करतो? आज समद्या मिळून माझ्या रानात, उद्या समद्या मिळून तुझ्या रानात. पैराच करतो ना?"

"करतो की."

"मग कानांचा पैरा करू. एक तास मी म्हनीन ते समद्यांनी ऐकायचं. पुढचा तास तुमच्यातली जी म्हनंल ते मी ऐकंन. दिवा कुनाचाच तांबडा व्हनार न्हाई."

मग बायडाक्का माझ्याकडे वळली. "तिला म्हनावं, विज्ञान ऐकून आमी काय रॉकेट सोडायचंय?"

शेडभर हशा. शालनचे कान लाल झाले. हशा विरला तशी बायडाक्का भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "पन पैऱ्याला न्हाई म्हनायची आपल्यात रीत न्हाई. तिला म्हनावं, माझा कान धर हिशेबात. माझी पाळी शिल्लक ठेव. लागंल तवा मागीन."

शेजारच्या शेडांत आमच्याच लेकी, सुना, बहिणी. दुपारपर्यंत निरोप चारी शेडांत फिरला.

मग जे सुरू झालं ते मी जन्मात कधी ऐकलं नव्हतं. सकाळी कीर्तन. त्यानंतर पोरींची हळद, पण तासभरच. मग रेश्मानं मागितलेली खुनाची गोष्ट. एके दिवशी खुनी सापडेपर्यंत कुणी जेवायला उठेना, मुकादमानं घंटा वाजवली तर बायका त्याच्याच अंगावर धावल्या. रुक्सानानं कव्वाली मागितली. पहिल्या दिवशी आम्ही म्हाताऱ्या तोंड वाकडं करून बसलो, चौथ्या दिवशी मान डोलवायला लागलो. कमलनं शेळ्यांच्या आजारांचा नंबर शोधून काढला. एकीला क्रिकेटचं धावतं वर्णन हवं होतं, तेही इंग्रजीत. आम्हाला अक्षर कळेना, पण तो मनुष्य किंचाळला की आम्हीही किंचाळायचो. आणि दुपारी जेवण झाल्यावर शालनचं विज्ञान.

घराघरांत त्याचे परिणाम दिसायला लागले. कमलचा नवरा मला वाटेत थांबवून म्हणाला, "हौसाक्का, काय शिकवताय बायकांना? काल मी म्हनलं भाजी गार झाली, तर म्हनते उष्णतेचा गुणधर्मच हाय, आदी यायचं हुतं."

शालन धडा ऐकताना ओठ हलवायची. बायडाक्का तिच्याकडे बघायचीही नाही. पण तिचा दिवा दररोज त्या तासाला हिरवा. एकदाही तिनं बोंड काढलं नाही आणि एकदाही आपली पाळी मागितली नाही. शालनला त्याचाच घोर. "हौसाक्का, ती कवा मागनार? एकदा मागून टाक म्हनावं. डोक्यावर ठेवल्यागत वाटतंय."

निरोप पोचवला. उत्तर आलं, "तिला म्हनावं, माझी पाळी मी ठरवीन."

घोटाळा झाला तो कमलच्या भाचीच्या लग्नात. निम्मी शेड वऱ्हाडाला निघाली. तेव्हा पैऱ्याचं काय? पैऱ्यात आपल्याला जाता आलं नाही तर बदली माणूस पाठवायचं, ही आमची रीत. पण घरातलं माणूस शेडमध्ये कसं पाठवणार? म्हणून बायकांनी बदली म्हणून डब्या पाठवल्या. आणि त्या सगळ्या माझ्या गळ्यात घातल्या. तेव्हा मी पोळ्याच्या बैलासारखी दिसत होते. दिवे सगळे हिरवे. आम्हाला वाटलं, रीत पाळली.

कंपनीच्या यंत्राला मात्र दिसलं, की एवढ्या डब्या सुरू आहेत आणि बोंडाला कानच नाही. मुकादमाच्या फोनवर निरोप आला. तुमच्या टॉवरवर लबाडीचा संशय आहे, तपासणीला माणूस येतंय, तोवर पुढचा निर्णय राखून ठेवला आहे.

तपासणीचा दिवस सोमवार. शालनचा विज्ञानाचा पेपर मंगळवारी.

आली ती केतकी नावाची पोरगी. पुण्याची, टॉवरच्या कंपनीत इंजिनिअर. हातात पाटीएवढा पडदा, तोही बिनकाचेचा, बिनकॅमेऱ्याचा. तिनं चपला काढल्या, टोपी घातली आणि सरळ आमच्या ताडपत्रीवर येऊन बसली, तेव्हाच ती मला आवडली.

"आजी, त्या दिवशीच्या डब्या कुणाकडे होत्या?"

"माझ्या गळ्यात."

"पण ऐकत कुणीच नव्हतं."

"न्हाई. समद्या लग्नात जेवत हुत्या."

"मग चालू कशाला ठेवल्या?"

"अगं, बदली नको का द्यायला?"

तिला काही समजलं नाही. मी पैरा समजावून सांगितला. ती हसली, पण कपाळावरची आठी गेली नाही. "माझा विश्वास आहे हो. पण आमच्या साहेबांचं म्हणणं वेगळं आहे. त्यांनी हिशेब असा केला होता, की लोक हळूहळू एकाच लाडक्या गोष्टीला चिकटतील. इथं तर तासातासाला धार बदलते. कीर्तन, खून, शेळ्या, क्रिकेट, दहावीचं विज्ञान, आणि प्रत्येक वेळी सगळेच्या सगळे एकदम. ते म्हणतात, माणसं असं ऐकत नाहीत, कुणीतरी मागून यंत्रानं काटे फिरवतंय. मी आज एक तास बसून बघणार. कान खरे दिसले तर तसं लिहीन. नाही दिसले तर डब्या घेऊन जावं लागेल."

जेवणं झाली होती. तास विज्ञानाचा, धडा उष्णतेचा. दोन्ही वेळा शालनला त्यानंच पाडलं होतं. तिनं काटा धरला.

"हौसाक्का," बायडाक्का म्हणाली, "तिला म्हनावं, माझी पाळी आज. आत्ता."

ताडपत्रीवरचे सगळे हात थांबले.

शालन माझ्याकडे वळली. "उद्या पेपर हाय हे ठावं हाय का म्हनावं तिला?"

"ठावं हाय म्हनावं."

"बायडाक्का, उद्या घे की," रुक्साना म्हणाली. "पोरीचं नुकसान का करतीस?"

बायडाक्का खाली बघून काड्या काढत राहिली. हंगामभर तिनं कान दिला होता, हे सगळ्यांनी पाहिलेलं. शालननं काटा सोडला, पदरानं नाक पुसलं.

"घे म्हनावं. पैरा हाय. काय लावायचं?"

"शून्य."

"शून्यावर काही नसतं," केतकी मधेच म्हणाली. "त्या नंबरावर टॉवर फक्त आपण जागे असल्याची खूण सोडतो, आमच्या तपासणीसाठी. ऐकायला काहीच येणार नाही."

"तेच पायजे," बायडाक्का म्हणाली. "बोंड कानात, काटा शून्यावर."

कमल दारात जाऊन शेजारच्या शेडकडे ओरडली, "शून्य लावा गं! बायडाक्काची पाळी!" तिकडून पुढच्या शेडकडे हाक गेली. आमचे दिवे क्षणभर तांबडे झाले. मग एकेक करत हिरवे. केतकी पडद्याकडे बघत होती आणि तिचं तोंड उघडंच राहिलं होतं.

शेड शांत झाली. बेदाणा क्रेटमध्ये पडतानाचा आवाज इतक्या दिवसांत पहिल्यांदा ऐकू आला. शालनचं लक्ष नव्हतं. तिच्या हिरव्या ढिगात एक काळा बेदाणा जाऊन पडला.

"शालन," बायडाक्का म्हणाली.

मी सवयीनं तोंड उघडलं. "शालन, ती म्हणते..."

"हौसाक्का, तुला कुनी इचारलं? मी तिच्याशी बोलतीया."

माझं तोंड तसंच उघडं राहिलं.

"हंगामभर ती डबीतली बाई बडबडली आन् तू ऐकलंस," बायडाक्का म्हणाली. "ऐकून पेपर सुटत न्हाई. बोलायला लागतंय. आता तू सांग, आमी ऐकतो. सांग, उष्णता दिली तरी बर्फाचं तापमान का वाढत न्हाई?"

शालन अडखळत म्हणाली, "ती उष्णता बर्फ इतळायला लागती. समदा इतळंपातुर तापमान शून्यच. त्याला... त्याला..."

"अप्रकट," मागून कमल म्हणाली.

"अप्रकट उष्मा!"

मग काय, सगळ्याच सुटल्या. रुक्सानानं विशिष्ट उष्मा विचारला. रेश्मानं दवबिंदू विचारला आणि शालनच्या आधी स्वतःच उत्तर दिलं, म्हणून तिला शिव्या पडल्या. जिथं शालन अडली तिथं कुणीतरी शब्द पुरवला. एकीला तो आठवायचा गॅसवरच्या दुधामुळे, दुसरीला त्या दिवशी नवऱ्याशी झालेल्या भांडणामुळे. शालनचा आवाज हळूहळू चढत गेला. शेवटी शेवटी ती ताडपत्रीवर बोटानं आलेख काढून दाखवत होती आणि केतकी पडदा बाजूला ठेवून मान वाकवून बघत होती.

"आता शेवटचं," बायडाक्का म्हणाली. "पान्याचं असंगत आचरन."

दोन-तीन जणींनी खाली मान घातली. त्या बोअरचं भांडण सगळ्यांना माहीत होतं.

शालन सावकाश बोलली. "थंड केलं की समद्या वस्तू आकसत्यात. पानीबी आकसतंय, पन चार अंशांपातुरच. त्याच्या खाली थंड केलं की उलटं फुगाय लागतंय. फुगलं की हलकं. म्हनून बर्फ वर तरंगतो. थंड मुलखात तळी वरनं गोठत्यात, पन खालचं पानी पानीच ऱ्हातंय."

"आन् मासं?"

"जित्तं ऱ्हात्यात."

"वर किती बी दिस बर्फ असू दे?"

शालननं जावेकडे पाहिलं. "असू दे."

बायडाक्कानं हात माझ्या पुढून नेला, शालनच्या ढिगातला तो काळा बेदाणा उचलला आणि काळ्यांत टाकला. "मग बास. सुटला तुझा पेपर. आन् आज सांजचं घागरी घेऊन लांब जाऊ नगंस. बोअर चालू करते. घरी बसून वाच."

केतकीनं पडदा उचलला. पूर्ण तासभर चारी शेडांतल्या सगळ्या डब्या एका नंबरावर होत्या, बोंडं उबदार होती, आणि टॉवरचा खर्च जवळजवळ काहीच नव्हता. ती म्हणाली, "साहेबांना हे कसं सांगू? काहीच न लावता एवढं ऐकलं कुणी?" मग तिनं मला पैरा हा शब्द पुन्हा सांगायला लावला आणि लिहून घेतला.

पुढचं सगळ्यांना ठाऊकच आहे. कंपन्यांना वाटत होतं, स्वस्त नेट परवडायचं तर सगळ्या माणसांची आवड एकसारखी व्हायला हवी. आवडी वेगळ्या राहूनही पाट एकच चालतो, फक्त पाळ्या ठरवाव्या लागतात, हे त्यांना आमच्या माळावर कळलं. नाही म्हणणाऱ्या कंपन्याही मागाहून आल्या. पुढच्या हंगामात जी डबी आली तिच्या काट्याशेजारी एक नवं बटण होतं, पाळी मागायचं. त्यावर मराठीत 'पैरा' लिहिलेलं. आणि सोबतच्या नियमांत केतकीनं एक ओळ घालून घेतली. बदलीची डबी चालेल, पण एका गळ्यात एकच. ती ओळ माझ्यासाठी आहे असं मी सगळ्यांना सांगते.

शालनचं विज्ञान सुटलं. आता ती यंत्रावर बसते. यंत्र पोपटी बेदाण्याला हिरवा म्हणायचं की पिवळा, यावर अडून बसतं आणि तिच्यावर लाल दिवा फेकतं. मग ती यंत्राला बायडाक्काच्या आवाजात दटावते. यंत्र आमच्या ताडपत्रीच्या अगदी शेजारीच ठेवलंय. त्यामुळे मी अजून मधेच.

एका बाजूनं शालन, "आक्का, काड्या राहिल्यात गं तुझ्या!" दुसऱ्या बाजूनं बायडाक्का, "तुझ्या यंत्राला म्हन, डोळ्याला भिंग लाव आधी!" इतक्या वर्षांचं राहिलेलं बोलणं आहे, ते काही एका हंगामात संपायचं नाही. सकाळपासून सांजपर्यंत माझ्या डोक्यावरून येजा चालू. निरोप्याचं काम गेलं, त्याचं मला वाईट वाटत नाही. पण पूर्वी निदान एकजण दोन वाक्यं बोलायची आणि मी दोन वाक्यं पोचवायची. मधे शांतता असायची.

म्हणून आता माझी पाळी आली की मी बटण दाबते आणि काटा शून्यावर नेते.

"हौसाक्कानं शून्य लावलंय," शालन म्हणते.

"लावू दे," बायडाक्का म्हणते. "तर मी काय सांगत हुते..."